साडेपंधरा तासांचं विमान, सव्वाएकोणतीस तासांची वाट

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? मोबाइल एका सेकंदात सांगतो. पण घरून पहाटे फोन जातो, तेव्हा ते उत्तर पुरत नाही...

तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकदा विचारून बघा, 'कोणाचं कोण अमेरिकेत असतं?' कुणाची ताई, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा रूममेट, कुणाचा एक्स... हात वर जातच राहतील! मग विचारा, 'किती लांब आहे रे?' उत्तर ठरलेलं. 'पंधरा-सोळा तास.' किलोमीटर कुणीच सांगत नाही. आपल्याकडे अंतर तासांतच मोजतात. पुणे-मुंबईसुद्धा दीडशे किलोमीटर नसतं, 'तीन तास, घाटात जाम नसेल तर' असतं.

मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. माझा काका न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. म्हणजे सोळा तास. विषय संपला!

तो विषय एवढ्यात संपत नाही, हे मला कळलं जानेवारी २०२४ मधल्या एका मंगळवारी, पहाटे.

रात्री नऊपर्यंत येईल?

आजी गेली. झोपेत, शांतपणे, एक्याण्णवाव्या वर्षी. डॉक्टर येऊन गेले आणि चार वाजून दहा मिनिटांनी बाबांनी पहिला फोन लावला तो काकाला. तिकडे संध्याकाळचे पाच चाळीस झाले होते. काका ऑफिसातून निघून पार्किंगमध्ये पोचला होता. आमच्याकडे मंगळवार उजाडायचा होता, त्याच्याकडे अजून सोमवारच होता. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग तो एवढंच म्हणाला, 'दादा, मी निघतो. थांबाल ना?'

बाबा 'हो' म्हणाले. धाकटा भाऊ विचारतोय, दुसरं काय म्हणणार?

पण थांबायचं म्हणजे किती? शवपेटी मागवायची की नाही, गुरुजींना कधीची वेळ द्यायची, साताऱ्याच्या आत्याला 'निघ' म्हणायचं की 'जरा थांब', वैकुंठात कधी न्यायचं... सगळं एका आकड्यावर अडलं होतं. हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नेटवरचं बघून सांगणारी घरात मीच. आणि मी सवयीने सांगून टाकलं, 'सोळा तास.'

शेजारच्या आजोबांनी बोटं मोजली. 'म्हणजे रात्री आठ-नऊला येतोय. मग रात्रीच करून घेऊ.' झालं! फोन सुरू झाले. नाशिकहून बाबांचे मामा, वय वर्षं पंच्याऐंशी, सहा वाजता गाडीत बसले. बहिणीचं शेवटचं दर्शन चुकायला नको म्हणून नाश्ताही न करता.

तिकडे काका तिकीट, पासपोर्ट, बॅग या धावपळीत होता आणि काकू गाडी चालवत होती. त्यामुळे तिकिटाचा फोटो आमच्यापर्यंत पोचला तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. मुंबईत उतरायची वेळ : बुधवार, पहाटे पाच. बुधवार! मंगळवारची रात्र नव्हेच. मामाआजोबा तेव्हा नारायणगावला पोचले होते. परत जा म्हणायचं की पुढे या म्हणायचं? आत्या फोनवर फक्त एवढंच म्हणाली, 'अगं, नीट बघून सांगायचं ना!'

बरोबर होतं तिचं. मग तेरावा झाल्यावर मी एकदा हे नीट बघायचं ठरवलं. सोळा तास म्हणजे नक्की काय? ते कुठून येतात? आणि उरलेले तेरा तास कुठे गेले?

दोरा लावून बघा

सुरुवात केली शाळेतल्या पृथ्वीच्या गोलापासून. माळ्यावर होता, काढला. दोरा आजीच्या शिवणाच्या डब्यातून घेतला.

तुम्हीही करून बघा. आधी भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावा. रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. आपल्याला वाटतं, विमान असंच जात असणार. आता गोलावर मुंबईला दोऱ्याचं एक टोक दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कला, आणि दोरा ताणा. तो सौदीकडे जातच नाही! तो सरळ वर चढतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून स्कँडिनेव्हिया, तिथून आइसलँड, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून कॅनडा आणि मग खाली न्यूयॉर्क. दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडून फिरणाऱ्या मुंबईतून निघालेला रस्ता आइसलँडवरून जातो, बॉस!

कारण सोपं आहे. पृथ्वी पोटाजवळ रुंद आणि डोक्याकडे निमुळती आहे. सपाट नकाशा डोक्याकडचा भाग ओढूनताणून पोटाएवढा रुंद करून दाखवतो, म्हणून वरून जाणं आपल्याला लांबचं वाटतं. प्रत्यक्षात तोच शॉर्टकट. दोऱ्याचं अंतर भरतं सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पट्टीच्या रेघेने गेलात तर चौदा हजार दोनशेच्या आसपास. म्हणजे नुसतं 'सरळ' जाण्याच्या हट्टापायी सतराशे किलोमीटरचा भुर्दंड!

आता लांब पल्ल्याचं विमान ताशी साधारण नऊशे किलोमीटरने जातं. साडेबारा हजार भागिले नऊशे. उत्तर येतं चौदा तास. मग सगळे सोळा का म्हणतात?

जाताना सोळा, येताना चौदा

याचं उत्तर वाऱ्यात आहे. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात त्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तर ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना हा वारा तोंडावर येतो, परत येताना पाठीवर. त्यामुळे जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना चौदाच्या आसपास. सायकलवर कात्रजचा घाट चढणं आणि उतरणं, तसंच काहीसं.

म्हणूनच वैमानिकांना दोऱ्याची रेघ जशीच्या तशी गिरवायची नसते. त्या दिवशी वारा कुठे आहे ते बघून रस्ता ठरतो. कधी वारा चुकवायचा, कधी त्याच्यावर स्वार व्हायचं. पन्नास-शंभर किलोमीटर जास्त गेले तरी चालतील, वेळ आणि इंधन वाचलं पाहिजे.

याचं सगळ्यात सॉलिड उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी रस्ताच उलटा केला. दिल्लीहून पूर्वेला, पॅसिफिकवरून. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आधीपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास. आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! पाठीवर वारा मिळाला की लांबचा रस्ता जवळचा होतो.

हे वाचलं आणि मला काकाचं एक जुनं वाक्य आठवलं. तो दर वेळी म्हणायचा, 'पुण्याला येणं पटकन होतं गं, परत जाणंच संपत नाही.' आम्हाला वाटायचं, हा इमोशनल होतोय. इमोशनल होताच, पण वाऱ्याचे दीड-दोन तासही खरेच होते.

वरचे रस्तेही बंद होतात

आपल्याला वाटतं, आकाश म्हणजे मोकळं रान. तिथे कसला आलाय रस्ता! पण प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं असतं. त्याने 'नाही' म्हटलं की वळसा. आणि आपला दोरा मुंबईतून निघतो तोच पाकिस्तान आणि अफगाणिस्तानवरून.

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते उघडलं १६ जुलैला. त्या काळात दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना लांबून जावं लागलं, इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला या वळशांपायी ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. भारतीय विमानं मात्र तिथून जात राहिली. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर, शेपटीवर कोणत्या देशाचं नाव आहे त्यावर बदलायला लागलं! पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलं आणि उत्तर भारतातून अमेरिकेला निघालेल्या विमानांना पुन्हा व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबे घ्यावे लागले.

रस्ता मोकळा असला तरी तो किती एकाकी आहे, हे जून २०२३ मध्ये दिसलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते उतरलं रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानला. २१६ प्रवासी. मगादान हे नाव त्यातल्या किती जणांनी आधी ऐकलं असेल? दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत कुणी शाळेत, कुणी वसतिगृहात गाद्या टाकून झोपलं.

तात्पर्य काय, तिकिटावरचा आकडा हा अंदाज असतो, वचन नव्हे!

आजीचे सोळा तास

आजीला हे सगळं माहीत नव्हतं, पण लांब म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

ती सोळा वर्षांची असताना, ८ जून १९४८ च्या रात्री, एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं. 'मलबार प्रिन्सेस' त्याचं नाव. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते लंडनला पोचलं १० जूनला. आणि तेव्हा ते अतिवेगवान वाटलं, कारण बाकीची दुनिया बोटीने जात होती. मे १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे थेट न्यूयॉर्कला जायला लागलं. मुंबई-न्यूयॉर्क कुठेही न थांबणारं विमान मात्र त्यांनी सुरू केलं ते ऑगस्ट २००७ मध्ये.

यात एक गंमत आहे. १९६० चं बोइंग ७०७ जवळपास आजच्या विमानांइतक्याच वेगाने उडायचं. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत मोबाइल कुठून कुठे गेला, पण प्रवासी विमानाचा वेग आहे तिथेच आहे. आवाजापेक्षा दुप्पट वेगाने उडणारं काँकॉर्ड आलं, लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत करून दाखवलं आणि २००३ मध्ये रिटायरही झालं. मग आपला प्रवास कमी कसा झाला? मधले थांबे गेले म्हणून! विमान जास्त वेगाने नाही, जास्त वेळ उडायला लागलं. वेळ वाचला तो हवेत नाही, जमिनीवर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काका १९९४ मध्ये पहिल्यांदा गेला तेव्हा युरोपात विमान बदलून गेला. पोचल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला, तोही दोन मिनिटांचा. तोपर्यंत आजी जेवली नाही असं बाबा सांगतात. मग निळ्या आंतरदेशीयसारखी दिसणारी एरोग्राम यायची, दहा-बारा दिवसांनी. पत्रात 'मला सर्दी झाली आहे' असेल, तर पत्र पोचेपर्यंत सर्दी बरी झालेली असायची आणि आजी तरीही काढ्याची कृती लिहून पाठवायची.

नंतर तिने खोलीत दुसरं घड्याळ लावून घेतलं. एक आपलं, एक 'त्याचं'. वर्षातून दोनदा काका फोनवर सांगायचा, 'आई, आमचं घड्याळ बदललं गं,' आणि ती मला स्टुलावर चढवून काटे फिरवून घ्यायची. मार्चमध्ये एक तास पुढे, नोव्हेंबरमध्ये एक तास मागे. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री आठ वाजता त्या घड्याळाकडे बघून ती म्हणायची, 'आता ऑफिसला पोचला असेल.' तिच्या लेखी काका लांब नव्हता, फक्त उशिरा उठायचा.

सव्वाएकोणतीस तासांचा हिशोब

आता मुद्द्याचं. काकाचा त्या दिवसाचा प्रवास मी नंतर त्याच्याबरोबर बसून लिहून काढला. सगळ्या वेळा आपल्या, म्हणजे भारतातल्या.

पहाटे ४.१० : बाबांचा फोन.
४.१० ते ६.०० : घरी जाणं, तिकीट शोधणं, पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड हुडकणं, बॅग. (१ तास ५० मिनिटं)
६.०० ते ७.३० : एडिसन ते जेएफके विमानतळ. घराजवळ नेवार्क आहे, पण तिकीट मिळालं जेएफकेहून. (दीड तास)
७.३० ते ९.३० : चेक-इन, सिक्युरिटी, गेटवर बसून राहणं. (२ तास)
सकाळी ९.३० ते रात्री १०.०० : न्यूयॉर्क ते आखात. (साडेबारा तास)
रात्री १०.०० ते २.०० : पुढच्या विमानाची वाट. (४ तास)
२.०० ते पहाटे ५.०० : आखात ते मुंबई. (३ तास)
५.०० ते ५.४५ : इमिग्रेशन. (पाऊण तास)
५.४५ ते ९.२५ : टॅक्सीने पुणे. (३ तास ४० मिनिटं)

एकूण सव्वाएकोणतीस तास. त्यातले हवेत फक्त साडेपंधरा. म्हणजे माझं 'सोळा तास' चुकीचं नव्हतंच, ते अर्ध्या प्रवासाचं उत्तर होतं! उरलेले पावणेचौदा तास जमिनीवर गेले. घाटात, रांगेत, गेटवरच्या खुर्चीत. आणि ते कोणत्याही वेबसाइटवर दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग सरळ नॉनस्टॉप का नाही घेतलं? मीही हेच विचारलं. काका म्हणाला, 'अगं, त्या दिवशीचं नॉनस्टॉप दुपारीच गेलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी.' ते घेतलं असतं तर चार तासांचा थांबा वाचला असता, पण तो मुंबईत उतरला असता बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला. म्हणजे आठ तास उशिरा. सगळ्यात वेगवान विमान सगळ्यात आधी पोचवतंच असं नाही. सगळ्यात आधी निघणारं पोचवतं. सुट्टीचं तिकीट काढताना आपण 'किती तास' बघतो. अशा वेळी बघायचं एकच : पोचायची वेळ.

त्या साडेबारा तासांबद्दल मी त्याला विचारलं. तो म्हणाला, सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला होता. शेजारी कॉलेजमधली दोन मुलं सिनेमा बघून हसत होती. हवाई सुंदरीने जेवण आणलं, त्याने नको म्हटलं, तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला रडू फुटलं. तिने काही विचारलं नाही. पाणी आणि एक ब्लँकेट ठेवून गेली. 'सगळ्यात वाईट काय माहितीये?' तो म्हणाला. 'पडद्यावर विमान हलतच नाही. दहा मिनिटांनी बघावं तर तिथंच.'

गंमत म्हणजे त्याच वेळी इकडे हॉलमध्ये आम्ही दहा जण माझ्या मोबाइलवर तेच विमान बघत होतो. विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, पिवळ्या ठिपक्यासारखं. मामाआजोबा (ते पुढेच आले, परत गेले नाहीत) दर अर्ध्या तासाने विचारायचे, 'कुठपर्यंत आला?' मी सांगायचे, 'समुद्रावर आहे.' ते मान डोलवायचे. आत आजी थंड पेटीत होती, उशाशी दिवा होता आणि दोन्ही घड्याळं चालू होती.

थांबायचं की नाही?

खरं सांगायचं तर घरात सगळ्यांनाच थांबणं पटलं नव्हतं. एक नातेवाईक स्पष्ट म्हणाले, 'इतका वेळ ठेवू नये. व्हिडिओ कॉल करा ना, आता सगळे तेच करतात.' करतातही. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, किती घरांनी आई-वडिलांचा शेवटचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर घेतला! तेव्हा विमानंच नव्हती, पर्याय नव्हता. आता पर्याय आहे, म्हणूनच निर्णय अवघड आहे. कुणी थांबलं म्हणून चूक नाही, कुणी नाही थांबलं म्हणूनही नाही.

पण आमच्या घरी तो निर्णय पहाटे पाच वाजता घेतला गेला. रडून डोळे सुजलेल्या माणसांनी, चुकीच्या आकड्यावर. वाईट त्याचं वाटतं.

बुधवारी सकाळी नऊ पंचवीसला टॅक्सी दारात आली. काकाच्या अंगात जाड कोट तसाच होता. जर्सीतल्या गोठवणाऱ्या थंडीत घातलेला, काढायचं सुचलंच नव्हतं. हातात एक छोटी बॅग. तो चपला काढून थेट आत गेला. आम्ही सगळे बाहेर थांबलो. आतून काही आवाज आला नाही. दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि बाबांना म्हणाला, 'चल दादा.' अकराच्या सुमाराला आम्ही वैकुंठात होतो.

तिथून परतताना त्याने गुरुजींना हळूच विचारलं, 'गुरुजी, मला कळलं तेव्हा तिकडे सोमवार होता. मी तिथे तिथी कुठली धरायची?' गुरुजींना हा प्रश्न नवा नसावा. ते लगेच म्हणाले, 'आई जिथे गेली, तिथली.' काकाने मान हलवली आणि मोबाइलमध्ये नोंद करून ठेवली.

दहाव्याच्या संध्याकाळी चहा पिताना बाबांनी अचानक विषय काढला. 'माझ्या वेळी चोवीस तास थांबा. त्यात बसलं तर ठीक, नाही तर उरकून घ्या. कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.' आई वैतागली, 'काहीतरीच काय बोलता!' काका मात्र म्हणाला, 'नाही वहिनी, बोलू दे. हे आधीच बोललेलं बरं.' मग ते दोघं बराच वेळ बोलत बसले. चोवीस तासांत काय बसतं, काय नाही, काका कुठल्या विमानतळावरून लवकर निघू शकतो, इकडे त्याला आणायला कोण जाणार. अगदी पिकनिक ठरवावी तसं. मला त्या दिवशी ते ऐकवत नव्हतं. आज वाटतं, आमच्या घरात झालेलं ते सगळ्यात शहाणं बोलणं होतं.

तेराव्यानंतर काका परत गेला. जाताना वारा तोंडावर. 'पोचलो' असा मेसेज यायला पुण्याच्या दारापासून एकतीस तास लागले. मी मोजले.

एप्रिलमध्ये मी आजीच्या खोलीत काहीतरी शोधायला गेले आणि दुसऱ्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते एक तास मागे होतं. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली, पण या वेळी फोन करून सांगायला काकाला कुणी नव्हतं. मी स्टूल आणलं, काटा एक तास पुढे केला. मग काकाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळचे आठ वाजले होते, तो ऑफिसला निघत होता.

चौकट : हे करून ठेवाच!

● तुमचं कुणी परदेशात असेल तर एकदा निवांत बसून 'दार ते दार' वेळ मोजा. घर ते विमानतळ, विमान, थांबा, इमिग्रेशन, मुंबई ते तुमचं गाव. तो आकडा फ्रिजवर लावा. 'सोळा तास' विसरा.

● घाईच्या तिकिटात प्रवासाचे तास बघू नका, पोचायची वेळ बघा. जवळच्या दोन-तीन विमानतळांवरून शोधा.

● पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय कार्ड यांची मुदत आणि तपशील वर्षातून एकदा तपासा. कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, हे घरातल्या आणखी एकाला माहीत हवं.

● तिकडच्या माणसाने क्रेडिट कार्डाची मर्यादा ऐनवेळच्या तिकिटाला पुरेल इतकी मोकळी ठेवावी. ऐनवेळची तिकिटं महागच असतात.

● तिकीट हातात आल्याशिवाय नातेवाइकांना वेळ सांगू नका. विशेषतः पंच्याऐंशी वर्षांच्या मामांना!

● मुंबईहून पुढची गाडी इकडच्या माणसाने ठरवावी. उतरणाऱ्याला ते सुचत नाही.

● आणि सगळ्यात महत्त्वाचं : 'थांबायचं की नाही, आणि किती', हे ज्यांचं आहे त्यांनाच विचारून ठेवा. आत्ता, चहा पिताना. पहाटे चार वाजता नको.